खणांच्या कपाटातला एक खण

आमच्या घरात सहा माणसांचे कपडे एका पत्र्याच्या पेटीत मावत आणि तरी पेटीत जागा उरे. वडील लाकडाच्या वखारीत हमाल होते. सागाचे ओंडके वाहून खांद्याला घट्टा पडलेला, पण घरात लाकडाची वस्तू म्हणाल तर एक पोळपाट. हे सांगताना मला लाज वाटत नाही. त्याच घरातून मी बी.ए. झालो, घराण्यातला पहिला. फौजदार झालो आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीत गुन्हे पुष्कळ तपासले, पण माझ्या डोक्यातून जात नाही ते प्रकरण निवृत्तीनंतरचे आहे, कतारमधले.

मुलगा दोह्यात इंजिनिअर. आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे तिथल्या अल मन्सूरा वस्तीत राहायला गेलो. रिकामे बसवेना म्हणून मी एका फर्निचर कंपनीत सुरक्षा अधिकारी झालो. ही कंपनी इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतली जुनी खणांची कपाटे आणायची. जुन्या काळी तिथल्या शहरांतले श्रीमंत बाहेरदेशाहून आणलेले महागनी लाकूड वापरत, तेव्हा गावचे सुतार आसपासच्या झाडांवर काम चालवत. नासपती, चेरी, एल्म. त्यातले यू नावाच्या झाडाचे एक कपाट आमच्याकडे आले होते. यू फार सावकाश वाढतो, त्याची मोठी फळी मिळणे कठीण. रंग मधासारखा तांबूस, कडेला सायीसारखा फिका पट्टा. वर दोन लहान खण, खाली तीन लांब, प्रत्येक खालचा वरच्यापेक्षा खोल. लहानपण वखारीत गेलेला माणूस मी, लाकूड पाहिले की हात आपोआप जातो. त्या कपाटावरून हात फिरवला आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी सुताराला मनात सलाम केला.

ते कपाट दोह्यातल्याच अबू हमूर भागातल्या एका व्हिलात जायचे होते. त्याआधीच वरच्या दोन खणांपैकी एक गायब झाला.

खबर दिली आमच्याच स्टोअर क्लार्कने. डोंबिवलीचा, हुशार, अजून लग्न न झालेला. माझ्या केबिनचे दार लावून घेत म्हणाला, "सर, मेस्त्रींनी चोरला. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. बायकोला फोनवर सांगत होते, चोरीचा खण गाववाल्याच्या बॅगेतून पाठवलाय, कुणाला कळू देऊ नको."

मेस्त्री म्हणजे आमचे सुतार, मालवणकडचे. इंग्लंडहून आलेले लाकूड इथल्या एसीत आकसते, तडकते. ते सावरण्याचे काम त्यांचे. सगळी कपाटे त्यांच्याच हाताखालून जायची, म्हणजे संशय सरळ त्यांच्यावर.

मॅनेजर केरळचे. त्यांनी पुढचा विचारच केला नाही. "इन्स्पेक्टर साब, टिकट निकालो, घर भेजो. खलास."

तिकीट निघाले असते तर मेस्त्री चोर म्हणून गावी उतरले असते. त्या वयात दुसरी नोकरी कोण देतो? मी एक दिवस मागून घेतला.

आधी घटनास्थळ पाहिले. खण ओढाताण करून काढलेला नव्हता. पितळी कड्या मागायला येणारे गिऱ्हाईक असते, अख्ख्या कपाटालाही असते. एकट्या खणाचे चोर काय करणार?

मग मेस्त्रींना बोलावले. चहा दिला. खात्यात शिकलेली गोष्ट, चहा पिताना माणसाचे हात बघावेत. त्यांचे हात स्थिर होते.

"मेस्त्री, गावी खण पाठवलात?"

आता मात्र कप बशीत वाजला. "कोणी सांगल्यान तुमका?"

"पाठवलात की नाही?"

"पाठवलंय. तो खण माझ्या घरचो आसा, साहेबांनू. त्याबद्दल काय इचारू नकात."

"मी विचारलं नाही तर उद्या तुमचं तिकीट आहे."

"तर जाईन," ते म्हणाले आणि मान खाली घातली.

मॅनेजर काचेपलीकडून बघत होते. त्यांच्या लेखी हा कबुलीजबाब झाला. मला पटेना. चोर आधी वस्तूबद्दल बोलतो, कुठे होती, कुणाच्या ताब्यात होती. या माणसाने आमच्या कपाटाचा उल्लेखही केला नव्हता.

मी क्लार्कला पुन्हा बसवले. "जबाब परत घ्यायचा आहे. तुला काय समजलं ते नको. कानावर पडलं ते सांग, जसंच्या तसं. त्यांच्याच बोलीत."

तो वैतागला. "सर, तेच तर सांगितलं. म्हणाले, 'चोरओटीचो खण धाडलंय.' म्हणजे चोरलेला खण. ओटीवर ठेव म्हणत असतील. कोकणात व्हरांड्याला ओटी म्हणतात ना?"

"काय म्हणालास? चोरओटी?"

"हो. का?"

मला हसू आवरेना. पोराने खणाचा अर्थ ड्रॉवर घेतला, ओटीचा व्हरांडा केला आणि 'चोर' तर आयताच मिळाला! घरात लेक गरोदर राहिली की तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता तिची ओटी भरतात, ती चोरओटी. तिला लागतो तो चोळीचा खण, कापडाचा. दिवस भरवशाचे होईपर्यंत बाहेर कुणाला सांगायचे नाही.

मेस्त्रींना बाजूला घेऊन हळूच विचारले, "कितवा महिना?"

ते डोळे पुसत म्हणाले, "तिसरो. लेकीच्या लग्नाक आठ वर्सां झाली, साहेबांनू. आताच कुठे देवान ऐकल्यान. पयलो खण बापाशीच्या हातचो जाऊंदे म्हणान हयसून धाडलंय. मी कसा बोलतलंय?"

नोकरी गेली तरी चालेल, पण लेकीची बातमी तोंडातून निघणार नाही. संशयित गप्प बसतात ते हजार कारणांनी. इतके चांगले कारण मी आधी पाहिले नव्हते.

मॅनेजरना एवढेच सांगितले, "वो कपडा है, घर का मामला." पण आमचा लाकडी खण अजून बेपत्ताच होता.

गेटवरच्या पहारेकऱ्यांना विचारले, "कुणाची पिशवी तपासली ते राहू दे. कुणाची तपासली नाही?"

दोघांपैकी एक म्हणाला, "साहब, मॅडम लोग का बॅग कौन खोलेगा?"

कामगाराचा जेवणाचा डबासुद्धा उघडतात, मॅडमची पिशवी कुणी उघडत नाही. मुंबई असो की दोहा, बंदोबस्तातले हे भोक सारखेच. त्या आठवड्यात एकच मॅडम आल्या होत्या, अबू हमूरच्या त्या व्हिलाची सजावट करणाऱ्या.

मॅनेजरना गाडीत घालून व्हिलावर गेलो. खण तिथेच होता, खिडकीजवळच्या टेबलावर, आत पडद्यांच्या कापडाचे नमुने. पडदे लाकडाच्या रंगाला जुळवायला बाईंनी तो आणला होता. "मी तर सांगून नेला," त्या म्हणाल्या. सांगितले होते खरे, इंग्रजीत, एका लोडरला. तो 'ओके मॅडम' म्हणून मोकळा झाला होता.

बाई स्वतः वर्कशॉपवर आल्या आणि मेस्त्रींची माफी मागितली. मॅनेजरही "सॉरी मेस्त्री" म्हणाले. मेस्त्रींचे लक्ष खणाकडे. "उन्हात ठेवलेलो?" त्यांनी विचारले. उलटसुलट करून पाहिला, कडांना मेण घासले आणि जागेवर सरकवला. तो आत गेला तसा आतल्या हवेने शेजारचा खण बोटभर पुढे आला. इतके नेमके काम! आम्ही सगळे बघत उभे राहिलो. मॅनेजरनी तो पुढे आलेला खण स्वतः ढकलून पाहिला, तर पहिला बाहेर आला. क्लार्क सोडून सगळे हसले. त्याने मेस्त्रींचे पाय धरले, तेव्हा ते म्हणाले, "लगीन कर रे आधी, मग खण कळतलो."

जबाब शब्दशः घ्यावा, हे मी कितीतरी हवालदारांना शिकवले. तो नियम कागदासाठी नसून माणसासाठी आहे, हे मला त्या दिवशी पटले. ऐकणारा आपल्या आयुष्यात नसलेला अर्थ ऐकूच शकत नाही. म्हणून शब्द जसा आला तसा धरून ठेवायचा आणि ज्याने उच्चारला त्याच्या घरात तो कशासाठी वापरतात, ते शोधायचे.

यूचे कपाट पाचही खणांसह अबू हमूरला पोचले. मेस्त्रींची नोकरी राहिली. त्यांच्या लेकीला मुलगी झाली. बारशाला ते रीतसर रजा घेऊन गेले आणि रजा संपल्यावर कामावर परत आले.