काकांची आखूड रायफल

"लांब बंदूक कुणीबी धरतंय मावशी. आखूड धरून दाखवा!"

खालच्या मजल्यावरचे काका भाजीवालीला सांगत होते. समजावण्यासाठी त्यांनी तिच्याच हातगाडीवरचं पडवळ मधोमध मोडून खांद्याला लावलं होतं. "मोडलंय ना, आता घ्या," मावशी एवढंच म्हणाल्या.

एकाच वस्तूवर जन्मभर इतका जीव टाकणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. काका मूळचे करमाडचे, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी एसएलआर ही लांबलचक, जड रायफल वाहिली. जीव मात्र जडला तिच्या आखूड नळीच्या धाकट्या बहिणीवर. ती एकदाच चाचणीसाठी त्यांच्या पलटणीत आली, काकांनी दुपारभर चालवली आणि ती परत गेली. "नळी आखूड, पर गोळी तीच. मग काय, तोंडातून हाऽऽ एवढा जाळ, अन् खांद्याला अशी लाथ! लई गुणाची होती." दिवाळीत ते गच्चीवर उभे राहून एकेक सुतळी बॉम्ब कान देऊन ऐकतात आणि मान हलवतात, "नाय. तिचा आवाज निराळा." क्रांती चौकात एखाद्या बुलेटनं फट्‌ केलं, की माझ्या स्कूटीवर मागे बसलेले काका आशेनं वळून पाहतात. काकूंना याचं काही वाटत नाही. "माझा वाढदिवस इचार त्यांना, नाय सांगता येणार. तिचा नंबर इचार!" काका ते नाकारत नाहीत. मला ते 'मुक्या बाईसाहेब' म्हणतात, कारण चारचौघांत तोंड उघडणं मला इंग्रजीतही जमत नाही आणि मराठीतही.

गेल्या हिवाळ्यात माजी सैनिकांचा मेळावा भरला. जुनी हत्यारं चालवायला मिळणार होती आणि त्यांत तीही होती. काकांनी बुटांना इतकं पॉलिश केलं, की काकूंनी त्यात बघून कुंकू लावलं. मी त्यांना स्कूटीवरून घेऊन गेले.

 तिला पाहताच काकांनी तिच्या लाकडावरून तळवा फिरवला, कुरकुरत्या गुडघ्यांनी चटईवर पालथे झाले आणि गाल टेकवला. शेजारी उभा असलेला तरुण जवान मायेनं म्हणाला, "चालवा काका, निवांत."

काका तसेच पडून राहिले. मागच्या रांगेतले म्हातारे खाकरायला लागले. "अरे, झोपला का काय गडी?" "हात कापत आसंल, नाय तर काय." शेवटी जवान खाली वाकला. "राहू द्या काका, दमला असाल," म्हणत त्यानं रायफलीकडे हात नेला.

हात कापत नव्हता. मला बाजूनं स्पष्ट दिसत होतं. त्यांचं बोट घोड्याच्या कडीबाहेर ताठ, सरळ होतं. 'हुकमाबिगर बोट आत नाय,' हे काकांनी मला कितीदा तरी ऐकवलं होतं. फायरचा हुकूम कानावर आल्याशिवाय ते बोट आत जाणार नव्हतं, आणि 'चालवा, निवांत' हा कुठल्याच पलटणीत हुकूम होत नसावा. स्वतःहून तो मागणं काकांच्या मनातही आलं नसतं. काढून घेतली असती, तर त्यांनी मुकाट्यानं दिली असती, आणि घरी येईपर्यंत मागच्या सीटवरून एकाही बुलेटकडे वळून पाहिलं नसतं. ती पुन्हा कुठं भेटणार होती त्यांना?

"सर," मी म्हणाले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "त्यांना हुकूम द्या. त्याशिवाय ते नाही चालवणार."