पार्सलवाल्या पोस्टमनचा शेवट

पाच स्क्रू काढून कॅसेटचं झाकण उचललं आणि टेपवर पांढरी बुरशी दिसली. आमच्या भाषेत फंगस. भास्करराव माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"मेली का हो?" त्यांनी विचारलं.

"आजारी हाय. बघू."

भास्करराव राणीसावरगावचे मोठे शेतकरी. दिवाळीला त्यांच्या दोन्ही मुली माहेरी येणार होत्या आणि लहानपणी टीव्हीवर लागलेला दिवाळीचा खास कार्यक्रम त्यांना पुन्हा बघायचा होता. तो या कॅसेटवर होता. मी गंगाखेडात चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. आता दुकान नावाला उघडतो. पण माझा जुना व्हीसीआर अजून चालतो, म्हणून जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घ्यायला लोक माझ्याकडे येतात.

"त्या दिवशी आमच्या माळवदावर तुमीच अँटिना बसवून गेल्ते," भास्करराव म्हणाले. "म्हणून तर एवढं साफ रेकॉर्डिंग झालं. पोरी लय हसल्या होत्या बघा त्या दिवशी!"

मी मान हलवली. मला तो दिवस चांगला आठवत होता. तेव्हा चॅनल एकच. दिवाळीच्या संध्याकाळचा कार्यक्रम अख्खा तालुका बघायचा, आणि म्हणूनच त्या दिवशी मेकॅनिकला घरी बसता येत नसे. अँटिना लावून झाल्यावर भास्कररावांनी बसा म्हटलं होतं. मी बसलो नाही. निदान शेवट तरी घरच्यांबरोबर बघू म्हणून एसटी गाठायला पळालो. एसटी उशिरा आली. घरी पोचलो तर जेवणंसुद्धा उरकली होती.

तेव्हापासून दर दिवाळीला माझ्या घरी तोच कार्यक्रम चघळला जातो. त्यात एक नाटुकलं होतं. एका पोस्टमनकडे फराळाचं पार्सल असतं आणि त्याला पत्ता सापडत नाही. ज्या घरी जातो तिथले लोक पार्सलमधलं थोडं थोडं खातात. शेवटी पोस्टमन रिकामा डबा उलटा करून म्हणतो, "पार्सल फुटलंय, पण पत्ता शाबूत हाय!" माझा मुलगा संतोष हे वाक्य म्हणतो, मुलगी मीना पोट धरून हसते, आणि बायको सुलभा डोळे पुसते. मी पाहुण्यासारखा हसतो. कुणी तरी म्हणतंच, "बाबा, तुम्ही नव्हतात ना तेव्हा." स्वतःच्या बायकापोरांचा हेवा वाटतो, हे सांगायला बरं दिसत नाही. पण वाटतो.

भास्कररावांनी जाताना बजावलं, "ह्याच कॅसेटवर फुडं आमच्या घरचं शूटिंग हाय. मालकीण हाय त्यात. आता त्या न्हाईत. कॉपी ठेवू नका."

"ठेवत न्हाई," मी म्हणालो.

व्हीसीआरमध्ये एक गोल हेड गरगर फिरतो. टेपवरचं चित्र तोच वाचतो. बुरशीची टेप तशीच घातली तर ती हेडला चिकटते, टेप तुटते आणि मशीनही जातं. माझ्या मशीनचे पार्ट आता मिळत नाहीत. टेप तुटली असती तर भास्कररावांच्या मालकीणबाई गेल्या असत्या, आणि हेड गेला असता तर माझा धंदा. म्हणून दोन दिवस मऊ कापड आणि स्पिरिट घेऊन टेप इंच इंच पुसली. एका ठिकाणी ती चुरगळली होती. तिथे श्वास रोखून काम केलं. मग नव्या खोक्यात भरून मशीनमध्ये घातली.

चित्र आलं. थोडं थरथरलं, मग ट्रॅकिंगचं बटण फिरवल्यावर स्थिर झालं.

अशा कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात आणि समोर बसून राहावं लागतं. सुलभा दुपारी डबा घेऊन आली आणि स्क्रीन बघून खुर्ची ओढून बसली.

"अगं बाई, पोस्टमन!"

मग ती प्रत्येक विनोदाच्या आधीच हसायला लागली. मी विनोद ऐकायच्या आत तिचं हसून झालेलं असायचं. मला राग आला.

"मला बघू तरी दे."

"बघा की. मी काय डोळे झाकायलेय का तुमचे?" ती उठली. "चकलीचं पीठ भिजवून आलेय. फुडचं मला पाठ हाय."

ती गेली आणि शेवट मी एकट्याने पाहिला. पोस्टमन रिकामा डबा घेऊन एका पायरीवर बसतो. चष्मा पुसून पत्ता नीट वाचतो. पत्ता त्याचाच असतो. बहिणीने त्यालाच फराळ पाठवलेला असतो आणि तो दिवसभर स्वतःचाच फराळ वाटत फिरलेला असतो. बस. "पत्ता शाबूत हाय" हे वाक्य त्यात नव्हतंच. मी तो भाग तीनदा मागे घेऊन ऐकला.

दुसऱ्या दिवशी भास्करराव पेनड्राइव्ह घेऊन गेले. त्यांच्यासमोरच मी कॉम्प्युटरवरचं सगळं डिलीट केलं. तेवढा कार्यक्रम मागितला असता तर त्यांनी दिला असता. मी मागितला नाही.

दिवाळीला पुण्याहून मुलं आली. फराळाला बसल्यावर संतोषने डबा उलटा केला. "पार्सल फुटलंय, पण..."

"शेवट तसा नाही," मी म्हणालो.

तिघं माझ्याकडे बघायला लागली. मी कॅसेटचं सांगितलं. सुलभाने हातातली चकली ताटात ठेवली.

"थांबा," ती म्हणाली. "त्या दिवशी लाईट गेली होती. ऐन शेवटाला. ही मीना रडायला लागली, तर हा संतोष अंधारात उभा राहून पोस्टमन झाला. ते वाक्य ह्याचंच हाय!"

"माझं?" संतोष म्हणाला. त्यालाही आठवत नव्हतं.

"मग खरा शेवट काय?" मीनाने विचारलं.

त्यांना ठाऊक नसलेलं मलाच ठाऊक होतं. मी चहा संपवला, मग सावकाश सांगितलं. कुणी हसलं नाही. मीना म्हणाली, "किती छान आहे हो." संतोषचा चेहरा मात्र उतरला.

"बाबा, तुम्ही एकट्यानेच पाहिलंत? कॉपी असेल ना?"

"गिऱ्हाइकाचा माल. ठेवत नाही."

हे सांगताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ते फार टिकलं नाही. जरा वेळाने सुलभा म्हणाली, "मला तर ह्याचाच शेवट आवडतो," आणि तिघं पुन्हा हसायला लागली.

तेव्हापासून हे काम शिकायला कुणी आलंच तर एवढंच सांगतो: कॅसेट शेवटपर्यंत बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला देऊ नये. आणि बघितलेलं घरी सांगू नये.