सुधीररावांचा गोठा

शेजारच्या सुधीररावांनी आधी सोसायटीमागच्या प्लॉटवर एक गाय बांधली. वर्षभरात तीन झाल्या, आणि गेल्या महिन्यात त्यांनी कंपनीतली नोकरीही सोडली. आज सकाळी नुकती व्यालेली गाय दूधच देईना. स्वच्छता म्हणून त्यांनी वासरू लांब बांधलं होतं.

"सर, तुम्ही गावचे. बघा ना जरा!"

मी कासेला हात लावताच गाईनं लाथ झाडली.

माझ्याकडे राहायला आलेली आई गॅलरीतून ओरडली, "आरं, आधी वासरू सोडा! लेकराला पाजल्याबिगर पान्हा सोडंल व्हय ती?"

वासरानं दोन ढुशा दिल्या आणि गाय पान्हावली. आई खाली येऊन धार काढू लागली. सुधीरराव तिच्याजवळ उकिडवे बसून शिकत होते.

दूध विकूनच आईनं मला शिकवलं. मी गोठ्याकडे वळलो की म्हणायची, "तू पुस्तक धर." ते धरलं म्हणून मी आज प्राध्यापक आहे, हे मी विसरत नाही. पण तिनं मला ज्यातून बाहेर काढलं, तिकडेच हा माणूस हौसेनं निघालेला पाहून जीव थाऱ्यावर राहीना. आईला कुठं निवड होती?

मीही तिच्याशेजारी बसलो. वर न बघताच ती म्हणाली, "ऊठ. शर्टाला शेण लागंल."