विनोद गाळून

मामाचा उजवा हात हाडं कापायच्या मशीननं खाल्ला. अंगठा धरून तीन बोटं उरली. असल्या माणसाला कत्तलखान्यात कोण ठेवतं? पण कापणाऱ्या अठरा जणांनी मालकाला ठणकावलं, "ह्याच्या वाटणीचं आम्ही कापू. हा नुसता वाचेल."

तेव्हापासून मामा उलट्या बादलीवर बसून पुस्तकं वाचायचा. सगळी एकाच जातीची. जादू, चेटकिणी, ड्रॅगन आणि पोट दुखेपर्यंत हसणं. तीच पुस्तकं घरी नातीला. नात एका जागी हसायची, इथली माणसं दुसऱ्याच जागी. पण हातात धार असताना हसलं की बोट गेलंच. म्हणून विनोद यायच्या आधी मामा ओरडायचा, "सुऱ्या वर!" अठरा सुऱ्या मांसातून निघून हवेत. मग विनोद, मग हसणं, मग परत खटाखट.

नव्या मुकादमाला हे कुणी सांगितलंच नाही. त्याला एवढंच दिसलं की एक थोटा फुकटचा पगार खातोय. त्याला हाकलायचंच म्हणून तो मागच्या दारानं आत शिरला, आणि नेमका मामा ओरडला, "सुऱ्या वर!"

अठरा रक्ताळलेल्या सुऱ्या एकदम उठल्या.

मुकादमाची तंतरली. "मला मारता काय रे!" म्हणत त्यानं बकरं टांगायचा आकडा उपसला आणि मामाच्या खांद्यात घातला. पुस्तकावर रक्ताची चिळकांडी उडाली.

मांस तोडायच्या पहिल्या ओंडक्यावरची बाई, तिला सगळे पैलवानीण म्हणायचे, तिनं मुकादमाची मान धरली आणि थोबाड ओंडक्यावर आपटलं. एकदा. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ओळखला, रोजचाच होता. मग तिचा हात सत्तूरकडे गेला.

"सोड त्याला!" मामा आकड्यासकट उठला. "तू जेलात गेलीस तर माझ्या वाटणीचं कोण कापणार, भवाने?"

तिनं सोडलं. मालक धावत आला. "सुऱ्या कशाला उचलल्या?"

"पुढं विनोद होता," पैलवानीण म्हणाली.

"कसला? वाच."

मामानं खांदा दाबून धरत वाचलं. सरदार राजकन्येला सोडवायला गुहेत येतो, तर ड्रॅगनच त्याच्या पाया पडतो. 'ने बाबा हिला! चारी पाय पुसल्याशिवाय मला माझ्याच घरात घेत नाही!'

कुणी हसलं नाही. फक्त मुकादम फिस्सकन फुटला, आणि नाकातून रक्ताचा लोट आला. शिव्या घालत खाली बसला.

मालक म्हणाला, "वाच तू. पण उद्यापासून विनोद गाळून."

"मग राहतं काय?"

"राहील ते वाच. नाहीतर घरी जा."

घरी जाऊन खायचं काय? दुसऱ्या दिवशी मामानं खांद्याला पट्टी बांधून गाळून वाचलं. राहिली ती नुसती कापाकापी. ड्रॅगननं गाव जाळलं, सरदाराचं मुंडकं उडालं, राणीनं राजाला जिवंत गाडलं. सगळे कान टवकारून ऐकत होते, 'सुऱ्या वर' नाही म्हणून हात थांबेनात, सुसाट. दहा वाजता एकाचं नख उडालं. अकराला दुसऱ्याचा अंगठा हाडापर्यंत फाटला. जिला बारा वर्षांत ओरखडा नव्हता, त्या पैलवानिणीनं जेवणाआधी स्वतःच्या तळहातात सुरी घुसवून घेतली.

मालक कपाळाला हात लावून उभा. "घाल बाबा ते विनोद!"

"आता कुठून घालू? ते मागं राहिले."

"मग पहिल्यापासून वाच!"

"वाचतो. पण मुकादमाला इथं समोर बसवा," मामा पान उलटत म्हणाला. "मागून आला की घोळ होतो."