त्यांना सभासद होता आलं नाही

ज्या बाईंनी तुमची संघटना उभी केली त्यांनाच तुम्ही एक दिवस, अगदी नियमावर बोट ठेवून, दाराबाहेर काढलं आणि तुम्हाला ते त्या गेल्यानंतर कळलं, तर त्यांच्या शोकठरावात तुम्ही काय लिहाल? भाषणाला सुरुवात हवी म्हणून हे विचारत नाहीये. मला खरंच उत्तर हवंय. अनसूया मॅडमना जाऊन पाच आठवडे झाले. आमच्या शिक्षक मंडळाच्या सोलापूर शाखेने शोकठराव लिहायचं काम माझ्यावर सोपवलं, कारण शाखेची पत्रकं मीच लिहितो. एरवी पत्रकाला मला एक तास पुरतो. हा ठराव पहिल्या ओळीच्या पुढे सरकत नाही.

बातमी आली तेव्हा मी मोहोळला आमच्या शाळेच्या शिक्षक खोलीत सहामाहीचे पेपर तपासत होतो. शाखेच्या ग्रुपवर सकाळी त्यांचाच निरोप आला होता, ‘शनिवारी सभेला येताना पाण्याची बाटली आणा, शाळेची टाकी धुवायला काढलीय.’ त्याच्याच खाली दुपारी हिरेमठ सरांची एक ओळ आली, ‘आपल्या अनसूया मॅडम वारल्या.’ आठवीच्या वर्गावर फळ्यावर उदाहरण लिहून त्या खुर्चीत बसल्या आणि पुन्हा उठल्याच नाहीत, हे नंतर समजलं. मी त्या दोन निरोपांकडे वर-खाली बघत राहिलो. बाटलीचा निरोप देणारा माणूस असा कसा जाऊ शकतो... माझ्या शेजारी बसलेल्या सरांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, “आमच्या सचिव गेल्या.” कागदावर त्या सचिव नव्हत्या हे मला ठाऊक होतं, सभासदही नव्हत्या हे मात्र अजून माहीत नव्हतं.

शाखा त्यांनी कशी सुरू केली, ते त्या सांगत तेव्हा आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत त्या वाढल्या. वडील यंत्रमागावर, घरात तेलुगू. पुण्यात मंडळाचं अधिवेशन होतं, तिथे त्या स्वतःच्या खर्चाने जाऊन मागच्या रांगेत बसल्या होत्या. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सगळ्या जिल्ह्यांची नावं घेतलीत, सोलापूरचं घेतलं नाहीत. आमच्याकडं पोरं शिकत न्हाईत का?” व्यासपीठावरच्या कुणीतरी हसून उत्तर दिलं, पंचवीस मान्यताप्राप्त शिक्षकांच्या सह्या आणा, शाखा घेऊन जा. त्या परत आल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून शाळा सुटली की स्कूटी काढून सह्या गोळा करायला लागल्या. शहरात फिरल्या, मोहोळला गेल्या, अक्कलकोटकडे गेल्या. एका मुख्याध्यापकांनी त्यांना पुस्तकांची एजंट समजून तासभर बाहेर बसवलं. चोवीस सह्या झाल्या आणि पंचविसावी काही मिळेना. शेवटी हिरेमठ सरांना त्यांनी वर्गाच्या दारात गाठलं. सर म्हणाले, “सही करतो, पण मला काम सांगायचं न्हाई.” मॅडम म्हणाल्या, “तुमी फक्त सचिव व्हा, काम मी करते.” एवढी साधी गोष्ट. पंचविसावी सही त्यांनी स्वतःचीच का केली नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी निवृत्त न्यायाधीशांना प्रश्न विचारलेत, शिक्षणाधिकाऱ्यांना विचारलेत. हा नाही विचारला.

मी तीन वर्षांपूर्वी शाखेत आलो. वडील सूतगिरणीच्या युनियनमध्ये होते. आमच्या घरी जेवताना ताटाखाली वर्तमानपत्र नसायचं, उरलेली पत्रकं असायची. शिक्षक संघटना म्हणजे घोषणा, निवेदन, धरणं असं माझं पक्कं मत होतं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सभा असते, तिला गेलो तर तिथे एक सर गणिताचा तास घेत होते आणि वीस शिक्षक पाचवीच्या बाकांवर गुडघे कोंबून विद्यार्थी झाले होते. मॅडम शेवटच्या बाकावर. त्यांनी हात वर केला. “सर, उणे गुणिले उणे अधिक कसं होतंय? आमच्या गल्लीत दोन कर्जबाजारी भेटले की श्रीमंत होत न्हाईत की!” सगळे हसले, ते सर मात्र घामाघूम झाले, कारण मुलांना पटेल असं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मग त्या उत्तरावरच दीड तास चर्चा झाली. घरी जाताना मी चिडून म्हणालो, “मॅडम, ही संघटना आहे की शिकवणी?” त्या स्कूटीला किक मारत म्हणाल्या, “तुझ्या घोषणा ऐकायला साहेब असतोय. आपल्याला शिकवता येईना हे ऐकायला कोण असतंय सांग?” तेव्हा मला हा मवाळपणा वाटला. आजही पूर्ण पटलंय असं नाही.

पण शाखा मवाळ नव्हती. सुट्टीत शिक्षकांना दारोदार पाठवून ‘आमच्या शाळेत पोरं घाला’ म्हणून फिरवतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की नोकरी जाते, म्हणून कुणी बोलत नाही. आमच्या शाखेने त्याविरुद्ध निवेदन दिलं. निवेदन मी लिहिलं, सह्या मॅडमनी जमवल्या. ते एका संस्थाचालकाला एवढं झोंबलं की शाखेच्या पहिल्याच निवडणुकीत ती ताब्यात घ्यायची असं त्याने ठरवलं. त्याच्या संस्थेतून एका दमात सभासदत्वाचे पंधरा अर्ज आले. त्यात एक त्याचा पुतण्या, दोन लिपिक, बाकीचे असेच कधी खडू हातात न धरलेले. या पंधरा जणांनी मत दिलं असतं तर कार्यकारिणी त्याच्या खिशात गेली असती.

मी मंडळाची घटना काढली आणि वाचली. सभासद होण्यासाठी शिक्षणाधिकारी कार्यालयाची वैयक्तिक मान्यता हवी, असं स्पष्ट कलम होतं. ही मान्यता म्हणजे सरकारच्या लेखी तुम्ही शिक्षक असणं. आजवर कुणी हे कलम तपासलं नव्हतं, कारण निवडणूकच झाली नव्हती. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पत्रक लिहिलं, ‘शाखा कुणाची?’ मथळ्याखाली मोठ्या अक्षरात : ‘मान्यता नाही, त्याला मत नाही.’ आणि पळत मॅडमना दाखवायला गेलो.

त्या शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं कौतुक करतील. त्या म्हणाल्या, “जोरदार झालंय. फक्त ही ओळ... ‘जो शिकवत नाही, त्याला मत नाही’ असं केलंस तर चालंल की.”

“नाही मॅडम. घटनेत ‘मान्यता’ आहे. आपण पळवाट ठेवली की ते घुसणार.”

“शिकवत न्हाईत ते तर सगळ्यांना ठाऊक हाय.”

“ठाऊक असून काय उपयोग? कागद लागतो.”

त्यांनी पत्रकाची घडी सरळ केली. मग पत्रक माझ्या हातात देत म्हणाल्या, “व्हय, कागद लागतोय. छाप.”

एवढंच. शाखेच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ते एवढंच, आणि मी त्यांना घटना शिकवली.

निवडणुकीच्या सभेत हिरेमठ सरांनी दाराशी उभं राहून त्या पंधरा अर्जदारांची यादी वाचली. ज्यांची मान्यता नाही त्यांनी मतदान होईपर्यंत बाहेर थांबावं, असं मीच मोठ्याने जाहीर केलं. पंधरा जण बडबड करत उठले. पुतण्या दारातून वळून म्हणाला, “मास्तर, तुमची पण वेळ येईल.” आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमध्येच मॅडमही उठल्या आणि व्हरांड्यात गेल्या. मला वाटलं चहाचं बघायला गेल्या असतील. मतदान संपेपर्यंत त्या बाहेरच होत्या, त्या पंधरा जणांबरोबर. आम्ही जिंकलो तेव्हा चहाचा ट्रे त्यांच्याच हातात होता. मी ओरडलो, “जिंकलो, मॅडम!” त्या म्हणाल्या, “बरं झालं. आधी चहा घ्या, गार होतोय.” पुढच्या महिन्यात त्यांनी इतिवृत्ताची वही माझ्याकडे दिली. “आता तू लिहीत जा.” मला वाटलं, माझ्यावर जबाबदारी टाकली. घरी आईला सांगितलं, वही माझ्याकडे आली म्हणून. आईने शिरा केला होता...

त्या गेल्यावर आठवड्याने मी ठरावासाठी हिरेमठ सरांकडे गेलो. मंडळाच्या राज्य कार्यालयाचा एक नमुना असतो, त्यात दिवंगत सभासदाचा क्रमांक लिहावा लागतो. मी सरांना क्रमांक विचारला. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“नंबर न्हाई रे.”

“म्हणजे सापडत नाही?”

“न्हाईच म्हणतोय की. त्या सभासद नव्हत्या. शाळा विनाअनुदानित, मान्यतेचा प्रस्ताव संस्थेनं कधी पाठवलाच न्हाई. सतरा वर्षं शिकवलं, पण कागदावर त्या कुणीच न्हाईत. सचिव मी हाय. पत्रावर सही त्यांची असायची, पण वर ‘सचिवांकरिता’ असायचं. बघितलं न्हाईस कधी?”

बघितलं होतं. शेकडो पत्रांवर बघितलं होतं.

“मग मला का सांगितलं नाही, सर? मी पत्रक लिहिलं तेव्हा?”

“मी सांगणार होतो. त्याच म्हणाल्या, सांगू नका. पोरगं पेटलंय, बरोबर बाजूनं पेटलंय, पाणी टाकू नका म्हणल्या.”

“त्यांना राग आला होता का?”

“छे. लई हसल्या त्या दिवशी. ‘माझ्याच पोरानं मला बाहेर काढलं,’ म्हणून हसल्या.” सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पण नंतर चार दिवस त्यांनी माझा फोन उचलला न्हाई. खरं सांगू का, राग होता का काय, मलाबी कळलं न्हाई.”

आता यातलं काय धरायचं? हसल्या ते, की फोन उचलला नाही ते? मी दोन्ही वाक्यं रोज मनात घोळवतो. कधी वाटतं, त्यांनी शाखा वाचवण्यासाठी स्वतःला बाजूला केलं आणि त्यांना त्याचं समाधान होतं. मग वाटतं, हे सोयीचं आहे, मेलेल्या माणसाच्या तोंडी समाधान घालणं फार सोपं असतं. कधी वाटतं, त्या पायरीवर त्यांना हवं होतं की मी विचारावं, “का मॅडम, शब्द का बदलायचा?” एवढं विचारायला किती वेळ लागला असता? पण मला छापखान्यात जायची घाई होती.

आणि सगळ्यात अवघड हे की, मी चुकलो असं मला अजून म्हणता येत नाही. ते कलम नसतं तर शाखा त्या माणसाच्या खिशात असती आणि आज शिक्षकांना दारोदार फिरवण्याविरुद्ध एक शब्द बोलणारं कुणी उरलं नसतं. कलम होतं म्हणून तो बाहेर राहिला. आणि त्याच कलमाने, त्याच्यासारख्याच कुठल्या तरी संस्थाचालकाने सतरा वर्षं एक कागद पुढे पाठवला नाही म्हणून, मॅडमही बाहेर राहिल्या. म्हणजे कोण शिक्षक आणि कोण नाही, हे शेवटी संस्थाचालकच ठरवतो, आणि आम्ही त्याच्याच निकालावर आमची क्रांती उभी केली. एवढं समजायला मला एक मरण लागलं. कलम काढलं तर पुतणे येतील, ठेवलं तर अनसूया मॅडम बाहेर राहतील. ‘जो शिकवतो तो सभासद’ असं लिहावं म्हटलं, तर शिकवतो हे सिद्ध कशाने करायचं? हजेरीपत्रक संस्थेच्या कपाटात, वेळापत्रक संस्थेच्या भिंतीवर. मी तीन मसुदे केले, तिन्ही फाडले.

मागच्या आठवड्यात राज्य कार्यालयाने मदत म्हणून एक शब्द सुचवला. सभासद नसतील तर ठरावात ‘शाखेच्या हितचिंतक’ असं लिहा, म्हणाले. हितचिंतक! दिवाळीला शुभेच्छा पाठवणाऱ्याला हितचिंतक म्हणतात. हा शब्द मी लिहिणार नाही. पण ‘शिक्षिका आणि संस्थापक सभासद’ लिहिलं तर राज्य कार्यालय पुरावा मागणार, आणि त्यांच्या सतरा वर्षांच्या शिकवण्याचा एकही सरकारी कागद अस्तित्वात नाही. कागद लागतो, असं मीच म्हणालो होतो.

मग परवा जुळे सोलापूर भागात औषधाच्या दुकानात एक घटना घडली. ग्रुपवर आलेला मॅडमचा फोटो माझ्या मोबाइलवर उघडा होता. काउंटरवरच्या मुलीने तो बघितला आणि गोळ्या मोजता मोजता थांबली. “ह्या आमच्या गणिताच्या बाई,” ती म्हणाली. “आठवी ब. मी नापास होणार होते, सर. बाईंनी शाळा सुटल्यावर महिनाभर बसवलं.” त्या गेल्याचं तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तिने दुकानाच्याच बिलाच्या मागे, मी सांगितलं म्हणून, तिचं नाव, वर्ग, वर्ष आणि ‘गणित अनसूया बाईंनी शिकवलं’ एवढं लिहून सही करून दिली. तो कागद कोणत्याही कार्यालयाचा नाही. संस्थाचालकाला तो अडवता आला नाही, एवढं मात्र खरं.

म्हणून हा लेख. माझा गोंधळ याने सुटेल असं मला वाटत नाही, त्याचं मी बघेन. पण पुढच्या दुसऱ्या शनिवारी शाखेच्या सभेत त्यांना मरणोत्तर सभासद करून घेण्याचा ठराव मी मांडणार आहे, आणि मला त्याला पुरावे जोडायचे आहेत. तुम्ही सोलापूरच्या पूर्वभागात शिकला असाल आणि तुमच्या वर्गावर अनसूया मॅडम आल्या असतील, तर एका कागदावर तुमचं नाव, इयत्ता, वर्ष आणि त्यांनी काय शिकवलं ते लिहा. खाली सही करा. कौतुक लिहू नका, फक्त शिकवलं एवढं लिहा. तो कागद हिरेमठ सरांच्या शाळेत मधल्या सुट्टीत आणून द्या. कुठली शाळा, ते त्या भागात कुणीही सांगेल. कागद कसलाही चालेल. शनिवारच्या आत आणा.