अकोल्यात बंद पडणारं घड्याळ

तिसऱ्यांदा तेच घड्याळ माझ्या काउंटरवर आलं, तेव्हा मला घड्याळाचा नाही, माझाच राग आला. दोन माणसं अकोल्याहून अमरावतीला एसटीने तीनदा येतात, ही काही गंमत नाही. माणसं म्हणजे तुळशीरामभाऊ, एसटीतले रिटायर कंडक्टर, आणि त्यांची नात समीक्षा, बारावीतली.

"जय भीम, वयनी. तुमचं पेशंट पुन्हा ॲडमिट व्हाले आलं," भाऊ म्हणाले.

"जय भीम, भाऊ. काहून, आता काय झालं त्याले?"

"तुमच्याकडे असलं की पयते, आमच्याकडे आलं की बसते. अमरावतीचं हाय न ते! सासरी नांदूनच नाही राहिलं."

समीक्षाला हसू आलं नाही. चार दिवसांवर तिचा बोर्डाचा पेपर होता. सराव परीक्षेत याच घड्याळाने दगा दिला होता. फिजिक्सच्या पेपरला ते अकरा चाळीसवर थांबलं, आणि या आमच्या बाईसाहेब अजून खूप वेळ आहे म्हणून निवांत आकृत्यांना शेडिंग करत बसल्या. शेवटचे दोन प्रश्न राहिले.

"मंग नवं घे न, पोरी," मी म्हटलं.

"नाही आजी. हॉलमध्ये स्मार्ट घड्याळ चालत नाही. आणि आबाजींचं हेच मला दिसतं. मोठे आकडे आहेत."

मोठे आकडे वगैरे ठीक आहे. खरं म्हणजे तिला तेच हवं होतं. आजोबांनी ते दिलं होतं, विषय संपला.

आता क्वार्ट्‌झ घड्याळ म्हणजे काय, ते दोन ओळींत सांगते. त्याला रोज चावी द्यावी लागत नाही. आत सेल असतो, स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो, तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल असते आणि थोडी चाकं. या सगळ्याला आम्ही मशीन म्हणतो. बाजूची चावी फक्त काटे फिरवायला. ती बाहेर ओढली की घड्याळ थांबतं, आत दाबली की चालू. हे मला कोणी शाळेत शिकवलेलं नाही. आमचे हे दुकानात बसायचे, मी त्यांना डबा द्यायला यायची, आणि एक दिवस डबा ठेवून तिथेच बसले. मेलेली घड्याळं उघडून उघडून शिकले.

पहिल्या खेपेला मी सेल बदलला. दुसऱ्या खेपेला मशीन उघडून साफ केलं, तेल दिलं, कॉइल मीटरवर तपासली. तीन दिवस माझ्या टेबलावर घड्याळ असं चाललं, की त्याच्यावर रेडिओवाल्यांनी टाइम लावावा. आणि अकोल्यात गेलं की बंद. आमच्या दोन शहरांची जुनी चुरस आहे, हे मान्य. पण ती घड्याळाला कोणी सांगितली?

या खेपेला पुन्हा सगळं पाहिलं. सेल फर्स्टक्लास. कॉइल चांगली. मी डोळ्याचं भिंग काढलं आणि हात टेकले.

"भाऊ, नवं मशीन टाकतो. डायल, काटे, सगळं तुमचंच राहीन."

"अकोल्यातले घड्याळवाले बी तेच म्हनून राहिले होते. मशीन फेकलं तं मंग माझं राह्यलं काय, डबी?"

"डबी चालन का परीक्षेत?" मी विचारलं.

भाऊ म्हणाले, "राहू द्या. आता जे होईन ते होईन." काउंटरवरून घड्याळ उचललं, खिशातून रुमाल काढला, आणि रुमालात गुंडाळायच्या आधी नखाने चावी बाहेर ओढली. टक्.

"भाऊ! हे काय केलं?"

"कुठं काय? झोपोलं त्याले. अकोल्यापर्यंत खिशातच तं राहीन. उगाच सेल काहून जाळाचा?"

"अन् रात्री?"

"रात्री तं झोपोतोच. रोज. पोट्टी झोपली का टेबलावरचं उचलतो, चावी वढतो. सकाळी बातम्याच्या टायमाले लावून ठेवून देतो."

समीक्षा त्यांच्याकडे पाहतच राहिली. "आबाजी, तुम्ही रोज माझं घड्याळ बंद करता?"

"चालू बी तं मीच करतो न! ते नाही सांगत."

मी चावी चिमट्याने धरून हलवली. ढिली. आधीही हाताला ढिली लागली होती. पण म्हातारं घड्याळ आहे, चालायचंच, म्हणून मी सोडून दिलं होतं. मशीनमध्ये चावीची दांडी जागेवर धरणारी एक बारीक पट्टी असते, लिव्हर. रोजच्या ओढाताणीने तिचा दात पार घासून गेला होता. चावी दाबली की आत जायची, पण ठाम बसायची नाही. बाही घासली की केसभर बाहेर, आणि घड्याळ बंद. माझ्या टेबलाला कुठे बाही असते?

"तुमाले कोनं सांगितलं हे चावी वढाचं?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"तुमी."

"मी?"

"तुमच्याच दुकानातून घेतलं तवा चावीखाली पांढरी प्लास्टिकची चिमटी होती. मी पुसलं, हे काय हाय? तुमी म्हनल्या, 'चावी बाहेर ठेवाले, भाऊ. सेल वाचते.' तवापासून वाचवून राहिलो."

घ्या! घड्याळ विकलं जाईपर्यंत ते बंद राहावं म्हणून ती चिमटी असते. मी अर्धं सांगितलं, भाऊंनी पूर्ण आयुष्यभर पाळलं. आणि सेल वाचतो हेही खोटं नाही, थोडा वाचतो. त्यामुळे मला भांडताही येईना.

मेलेल्या घड्याळांच्या डब्यात याच जातीचं एक मशीन सापडलं. त्याची लिव्हर आणि दांडी काढून यात बसवली. मग समीक्षाला म्हटलं, हातात घाल आणि बाही वर-खाली कर. तिने वीस वेळा केली. चावी हलली नाही. तेव्हा कुठे पोरगी हसली.

भाऊंचा प्रश्न राहिलाच. "मंग आता ते झोपन कवा?"

"तुमी झोपा, भाऊ. त्याले जागंच राहू द्या."

"अन् सेल?"

"सेल संपला तं मी फुकट टाकून देईन. पन चावीले हात लावसान तं पुढचं मशीन तुमच्या छातीत टाकतो."

सगळे पेपर झाल्यावर समीक्षाचा फोन आला. घड्याळ एकदाही थांबलं नाही, एकही प्रश्न राहिला नाही. भाऊंनी चावीला हात लावला नाही. फक्त पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री दोनदा उठून, ते चालू आहे की नाही ते कानाला लावून पाहिलं म्हणे.

तेव्हापासून मी दुरुस्तीला आलेलं घड्याळ उघडत नाही, आधी माणसाला उघडते. पहिला प्रश्न एकच, रात्री घड्याळाचं काय करता? परवा तिवसा गावच्या एका बाईंना विचारलं. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काय कराव, बाई? टाइम पायतो अन् झोपतो."