कड्यावरचा बोकड आणि निंबाळकर मावशी

"डोकं खाली घाल, डोकं! टक्कल नुसतं आरशासारखं चमकतंय तुझं. बोकड त्यात बघून भांग पाडेल!"

निंबाळकर मावशी माझ्यावर ओरडत होत्या, तेही कुजबुजत. ही कला जगात त्यांनाच साधली होती. माझा कान भाजून निघायचा, पण समोरच्या जनावराला पत्ता लागायचा नाही. दक्षिण स्कॉटलंडातल्या एका डोंगरावर, ओल्या गवतात आम्ही तिघं पालथे पडलो होतो: मावशी, त्यांचा तिथला जुना वाटाड्या ॲलन आणि मी. खालच्या कड्यावर एक म्हातारा रानबोकड उभा होता. शिंगं एवढी, की मधे लंडनमधल्या आमच्या हाउन्सलोची डबल-डेकर बस पार्क करून वर दोन सायकली अडकवाव्यात.

मावशी मूळच्या साताऱ्याच्या. हयात गेली हाउन्सलोला, विमानतळावरच्या कार्गो शेडमध्ये. नवरा गेल्यावर बायका काशीला जातात. मावशी बंदुकीचं लायसन्स काढून आल्या. नाक असं तिखट, की हाउन्सलोत बसून पलीकडच्या स्लाऊ गावातल्या कुणाच्या फोडणीत हिंग जास्त पडला ते सांगायच्या. वाऱ्याची दिशा मोबाइलवर बघणाऱ्याला त्या गाडीतच बसवून ठेवत.

"हे मुळातले जंगली नव्हेत रे," त्या सांगायच्या. "कधीकाळी कुणाच्या तरी गोठ्यातनं पळालेल्यांची पोरंबाळं. आपल्यासारखीच. परत कोण जातंय?" शिंगावरची वळी मोजून त्या बोकडाचं वय सांगत. माद्या थंडी सरायच्या आतच वितात, पिल्लू कपारीत लपवून चरायला जातात. म्हणून मादीवर त्यांनी कधी बंदूक धरली नाही. "कपारीत कोण उपाशी बसलंय ते आपल्याला दिसतं का?" आणि धोका खालून येणार असंच ही जात धरून चालते, म्हणून आपण वरून उतरायचं, वारा तोंडावर घेऊन.

अडचण एकच. आमची हाउन्सलो-स्लाऊची मराठी मंडळी श्रावण पाळणार, गणपती पाळणार, नवरात्र पाळणार आणि दसरा झाला रे झाला की रश्श्यासाठी तडफडणार. नेमका तेव्हाच बोकड माजावर असतो, स्वतःच्या दाढीवर मुतत हिंडतो, आणि वास लंडनपर्यंत येतो. "त्याच्याकडे आपलं पंचांग नाही ना," म्हणत मावशी ते मांस टांगून, दह्यात मुरवून असं काही शिजवायच्या, की अख्खं स्लाऊ बोटं चाटायचं. रिकाम्या हातानं त्या कधी परतल्याच नव्हत्या.

त्या दिवशी सकाळी मात्र चहा घेताना त्यांचा कप बशीवर वाजत होता. ॲलननं पाहिलं, मी पाहिलं. आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत राहिलो.

मावशींचा कायदा मला पाठ होता: "गोळी एकच. पुढच्या पायाच्या मागं. हुकली तर जनावर कड्यावरून जातं आणि खाली दोन-दोन दिवस तडफडत पडतं. असल्या माणसाच्या घरी मी जेवायला जात नाही."

आता त्यांनी नेम धरला होता आणि नळीचं टोक हवेत बारीक बारीक गोल काढत होतं. खालून धुकं चढत होतं. मी आधी तेहतीस कोटी देवांना म्हटलं, नेम लागू दे. मग सगळ्यांना परत गाठून म्हटलं, गोळीच सुटू देऊ नका. मावशींनी श्वास सोडला, पुन्हा धरला. बोकडानं मान वर करून सरळ आमच्याकडे पाहिलं. आता पळणार!

खट्ट झालं. मावशींनी घोडा अडवणारी सेफ्टी परत लावली होती. त्यांनी बंदूक ॲलनकडे सरकवली.

"टेक युअर टाइम," ॲलन हळूच म्हणाला, "ही इज स्टिल देअर."

"तो आहे रे," मावशी त्याला चक्क मराठीत म्हणाल्या, "माझा हात नाहीये."

ॲलनला सगळं कळलं. त्यानंही गोळी झाडली नाही. बोकड दाढी हलवत, आरामात धुक्यात चालता झाला.

खाली गाडीपाशी पोचलो तर मावशींचा फोन वाजला. मी स्पीकरवर धरला. स्लाऊचे देशपांडे आनंदानं किंचाळत होते, "मावशी, वाटण तयार आहे! पन्नास माणसं ताट घेऊन बसायची बाकी आहेत. केवढा मिळाला बोकड?"

मावशींनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

"वांगी आणा," म्हणाल्या.